अमेरिकेतील शाळकरी विधिमंडळे



कायदा करणे हे वडीलधाऱ्यांचे काम आणि तो पाळणे हे सर्वांचे काम, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. शाळकरी मुलाने नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून लोकसभेची सभासदसंख्या पाठ करावी, परीक्षेत ती लिहावी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विसरून जावी, एवढीच आपली त्याच्याकडून अपेक्षा. अमेरिकेत मात्र ऐंशीहून अधिक वर्षे एक निराळा प्रघात चालत आला आहे. तेथील हायस्कुलांतली चौदा ते अठरा वर्षांची मुलेमुली स्वतः विधेयके लिहितात, ती सभागृहात मांडतात, त्यांवर भाषणे करतात, उपसूचना आणतात, आणि शेवटी मतदान घेऊन ती मंजूर किंवा नामंजूर करतात. या सभेला ‘विद्यार्थी काँग्रेस’ म्हणतात. येथे काँग्रेस या शब्दाने आपल्या मनात जो पक्ष उभा राहतो तो अर्थातच अभिप्रेत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विधिमंडळाचे नावच काँग्रेस आहे. हाउस आणि सेनेट ही त्याची दोन सभागृहे. मुलांची सभा ही त्याची प्रतिकृती.

या सभेने केलेला कायदा कोणालाही बंधनकारक नसतो. संध्याकाळी सभा संपली की तो कायदाही संपतो. मग हा खटाटोप कशासाठी? हा निव्वळ खेळ आहे, की यात लोकशाहीच्या दृष्टीने काही मोलाचे घडते? या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या आधारे शोधावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

या प्रथेची मुळे अमेरिकन स्वातंत्र्याच्याही आधीची आहेत. न्यू जर्सी प्रांतातील प्रिन्स्टनच्या कॉलेजात १७६५ च्या सुमारास विद्यार्थ्यांची वादविवाद मंडळे निघू लागली. त्यांतून ‘क्लिओसॉफिक’ आणि ‘अमेरिकन व्हिग’ अशी दोन प्रतिस्पर्धी मंडळे स्थिरावली. पहिल्याचा उगम ज्या मंडळात झाला त्याच्या संस्थापकांत विल्यम पॅटर्सन होता. दुसऱ्याच्या आरंभीच्या सभासदांत जेम्स मॅडिसन होता. पुढे १७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना तयार करण्यासाठी परिषद भरली, तेव्हा मोठ्या राज्यांना अनुकूल अशी जी ‘व्हर्जिनिया योजना’ पुढे आली तिच्यामागे मुख्यतः मॅडिसनची बुद्धी होती. आणि तिला विरोध करणारी, लहान राज्यांचा कैवार घेणारी ‘न्यू जर्सी योजना’ मांडली ती पॅटर्सनने. शेवटी तडजोड झाली ती अशी की, एका सभागृहात लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी असावेत आणि दुसऱ्यात प्रत्येक राज्याला समान जागा असाव्यात. राज्यघटना वादविवाद मंडळातून जन्माला आली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि, विरोधकाचे म्हणणे पुरते ऐकून घेणे, त्याला मुद्द्याने उत्तर देणे, आणि हार झाली तरी सभा सोडून न जाणे, ही सवय त्या माणसांना कॉलेजातच लागली होती, हे विसरता येत नाही.

दुसरा धागा आपल्या व्याख्यानमालेला अगदी जवळचा आहे. १८२६ साली मॅसॅच्युसेट्समधील मिलबरी या गावी जोसाया होलब्रुक नावाच्या गृहस्थाने ‘लायसियम’ या नावाची संस्था काढली. गावातल्या कारागिरांनी, शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी संध्याकाळी एकत्र जमावे, व्याख्यान ऐकावे, वाद करावा, असा तिचा उद्देश. पुढील काही वर्षांत गावोगाव अशा संस्था उभ्या राहिल्या. १८३८ च्या जानेवारीत इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड गावच्या तरुणांच्या लायसियममध्ये अठ्ठावीस वर्षांच्या एका वकिलाचे व्याख्यान झाले. त्या काळी जमावाने कायदा हातात घेऊन माणसे मारण्याचे प्रकार वाढले होते. वक्त्याचे सांगणे असे होते की, या प्रजासत्ताकाला बाहेरच्या शत्रूपेक्षा कायद्याविषयीच्या अनादराचा धोका अधिक आहे. त्या वकिलाचे नाव अब्राहम लिंकन.

तिसरा धागा सभाशास्त्राचा. १८६३ साली न्यू बेडफर्ड गावी एका चर्चच्या सभेत हेन्री मार्टिन रॉबर्ट या लष्करी इंजिनिअरला अचानक अध्यक्षपद पत्करावे लागले, आणि सभा कशी चालवावी याची आपल्याला मुळीच माहिती नाही असे त्याला आढळून आले. या फजितीतून त्याने सभानियमांचा अभ्यास सुरू केला आणि १८७६ साली स्वखर्चाने चार हजार प्रती छापून आपले पुस्तक प्रसिद्ध केले. काँग्रेसचे नियम सामान्य मंडळांना वापरता येतील अशा बेताने त्याने बसवले होते. ते पुस्तक आजही अमेरिकेतील लहानमोठ्या संस्थांच्या टेबलावर असते. वाद करण्याची हौस, गावकऱ्यांची सभा आणि सभेचे नियम, असे हे तीन धागे एकत्र यायला विसावे शतक उजाडावे लागले.

विस्कॉन्सिन राज्यात रिपन नावाचे एक लहान गाव आहे. तेथील कॉलेजात ब्रूनो जेकब हे शिक्षक होते. कॉलेजातल्या वक्त्यांसाठी सन्मानसंस्था आहेत. तशी हायस्कुलातल्या वक्त्यांसाठी एखादी आहे काय, अशी विचारणा त्यांच्याकडे झाली. तशी संस्था नव्हती, म्हणून त्यांनी १९२५ साली ती काढली. तिचे नाव नॅशनल फोरेन्सिक लीग. २०१४ सालापासून ती नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन या नावाने ओळखली जाते. जेकब यांच्या आरंभीच्या सहकाऱ्यांत साउथ डकोटा राज्यातील कार्ल मुंट हा वक्तृत्वाचा तरुण शिक्षक होता. १९३१ साली लीगची पहिली राष्ट्रीय स्पर्धा रिपन येथेच झाली, आणि १९३८ साली ओहायो राज्यातील वूस्टर येथे पहिली राष्ट्रीय विद्यार्थी काँग्रेस भरली. लिंकनच्या त्या व्याख्यानाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. त्याच १९३८ च्या नोव्हेंबरात मुंट स्वतः खऱ्या काँग्रेसवर निवडून आले. पुढे ते सेनेटर झाले आणि १९७३ पर्यंत त्या पदावर राहिले.

वादविवाद स्पर्धा चालू असताना ही नवी सभा कशाला हवी होती? याचे उत्तर त्या काळात आहे. १९२९ च्या मंदीनंतर अमेरिकेत बेकारी, शेतकऱ्यांची कर्जे, म्हातारपणाचे पेन्शन, कामाचे तास असे घरगुती प्रश्न सरकारच्या दारात येऊन पडले होते. १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. १९३८ साली मजुरीचा कायदा झाला, त्याने तासाला किमान पंचवीस सेंट मजुरी ठरवली आणि अनेक धंद्यांत सोळा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी घातली. असे प्रश्न ‘हो’ की ‘नाही’ एवढ्याने सुटत नाहीत. वादविवादात दोन बाजू असतात आणि परीक्षक एकीला विजयी ठरवतो. विधिमंडळात बाजू अनेक असतात. तत्त्व मान्य पण रक्कम अमान्य, रक्कम मान्य पण यंत्रणा अमान्य, सारे मान्य पण मुदत अपुरी, अशी माणसे तेथे शेजारी शेजारी बसलेली असतात, आणि त्यांतून बहुमत जमवावे लागते. हा व्यवहार वादविवाद स्पर्धेत शिकता येत नव्हता.

आता या मुलांचे विधेयक असते कसे ते पाहू. कारण या प्रथेचा सगळा कस त्यात आहे. विधेयक एका पानात मावले पाहिजे. वर मथळा, त्याखाली ‘येथे जमलेली विद्यार्थी काँग्रेस येणेप्रमाणे कायदा करीत आहे’ अशा अर्थाचे वाक्य, आणि मग साधारणपणे पाच कलमे. पहिल्या कलमात काय करायचे ते सांगायचे. दुसऱ्यात शब्दांच्या व्याख्या द्यायच्या. तिसऱ्यात अंमलबजावणी कोणते खाते करील, आणि पैसा व शिक्षा यांची व्यवस्था काय, ते लिहायचे. चौथ्यात कायदा कोणत्या तारखेपासून लागू होईल ते. पाचव्यात, याच्याशी विसंगत असलेले सर्व कायदे रद्द समजावेत, असे.

समजा, पंधरा वर्षांच्या एका मुलीला वाटले की शाळेतील प्रत्येक मुलाला दुपारचे जेवण फुकट मिळाले पाहिजे. पहिले कलम लिहायला तिला दोन मिनिटे पुरतात. दुसऱ्या कलमापाशी ती थबकते. ‘शाळा’ म्हणजे सरकारी शाळाच, की चर्चने चालवलेलीसुद्धा? ‘जेवण’ म्हणजे काय? सफरचंद आणि दुधाचा पेला हे जेवण होईल काय? तिसऱ्या कलमापाशी तर तिची खरी परीक्षा लागते. शिक्षण हा अमेरिकेत मुख्यतः राज्यांचा विषय. मग वॉशिंग्टनच्या काँग्रेसला हे करायचा अधिकार कोणता? पैसा कुठून येणार? एखाद्या राज्याने नकार दिला तर? चौथ्या कलमात ‘ताबडतोब’ असे लिहून ती मोकळी होऊ पाहते, तर कोणी विचारतो, उद्या सकाळी दहा वाजता स्वयंपाकघरे कोण बांधून ठेवणार आहे? आणि पाचव्या कलमाविषयी एखादा खोडकर प्रतिनिधी हमखास विचारतो, बाई, आपण रद्द करू पाहता ते कायदे कोणते, त्यांपैकी एखाद्याचे नाव सांगाल काय?

श्रोतेहो, या प्रश्नांत एक गंभीर गोष्ट दडलेली आहे. मत असणे आणि कायदा लिहिणे यांत फार मोठे अंतर आहे. मत आपण सगळेच बाळगतो. कट्ट्यावर, आगगाडीच्या डब्यात, न्हाव्याच्या दुकानात त्याला तोटा नसतो. ‘सरकारने अमुक करावे’ हे आपले पहिले कलम होय. दुसरे आणि तिसरे कलम आपण क्वचितच लिहितो. ते लिहायला बसले की सरकार नावाच्या दूरच्या वस्तूऐवजी एखादा कारकून, एखादा कर, एखादी तारीख, आणि या निर्णयाने दुखावला जाणारा एखादा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. नागरिक होण्याचा प्रारंभ तेथे होतो, असे मला वाटते.

तिसऱ्या कलमाचे महत्त्व खऱ्या इतिहासातही दिसते. १९७१ साली घटनेतील सव्विसाव्या दुरुस्तीने अमेरिकेत अठरा वर्षांच्या तरुणांना मतदानाचा हक्क मिळाला, आणि त्याच सुमारास अनेक राज्यांनी मद्य विकत घेण्याचे किमान वयही उतरवले. पुढे तरुणांच्या मोटारअपघातांनी लोक हादरले. काँग्रेसला हे वय सर्वत्र एकवीस करायचे होते; पण हा विषय राज्यांच्या हातातला. म्हणून १९८४ च्या कायद्याने असे ठरवले की, जे राज्य वय एकवीस करणार नाही त्याच्या महामार्गांसाठीच्या केंद्रीय निधीतून पहिल्या वर्षी पाच टक्के आणि नंतर दहा टक्के रक्कम रोखली जाईल. मुंट यांच्याच साउथ डकोटा राज्याने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८७ साली ते राज्य हरले. हुकूम न सोडता पैशाच्या दोरीने राज्यांना ओढण्याची ही युक्ती विधेयक लिहिणाऱ्या मुलांना फार उपयोगी पडते. ती न्याय्य आहे काय, हा निराळा प्रश्न. आणि तोही त्यांच्या सभागृहात निघतोच.

सभेचे कामकाजही पाहण्यासारखे असते. एका सभागृहात सुमारे वीस प्रतिनिधी असतात. आपला अध्यक्ष ते आपणच निवडतात. प्रत्येक भाषणाला तीन मिनिटे. त्यानंतर इतरांनी प्रश्न विचारायचे. एक भाषण बाजूने झाले की पुढचे विरोधी, असा क्रम. जो कमी वेळा बोलला असेल त्याला आधी संधी, हा नियम तर आपल्या अनेक सभांनी उचलावा इतका शहाणपणाचा आहे. चर्चा बंद करून मत घ्या असे म्हणायचे असेल तर दोन-तृतीयांश प्रतिनिधींची संमती लागते. म्हणजे निसटत्या बहुमताला अल्पमताचे तोंड बंद करता येत नाही. पंधरा वर्षांच्या अध्यक्षाने हातोडी आपटून आपल्याच शाळेतल्या मित्राला ‘आपली वेळ संपली’ असे सांगणे आणि त्या मित्राने मुकाट्याने खाली बसणे, यात जे शिक्षण आहे ते कोणत्याही पुस्तकात नाही.

तथापि, या प्रथेवर आक्षेपही आहेत आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पहिला असा की, ही शेवटी स्पर्धा आहे. परीक्षक गुण देतात, ढाली मिळतात. म्हणून मुले पटलेले बोलण्याऐवजी गुण मिळवणारे बोलू लागतात. आज एका बाजूने, उद्या दुसऱ्या बाजूने बोलून त्यांची जीभ तयार होते, पण मन पोकळ राहते. हा वाद १९५४ साली फार पेटला. कॉलेजांच्या त्या वर्षीच्या वादविवादाचा विषय होता, कम्युनिस्ट चीनच्या सरकारला अमेरिकेने मान्यता द्यावी. विषय परराष्ट्रनीतीचा, पण प्रश्न घरातला होता : देशाच्या धोरणाविरुद्ध तरुणांनी जाहीरपणे बोलावे काय? वेस्ट पॉइंटच्या लष्करी आणि अॅनापोलिसच्या नौदलाच्या विद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना या विषयात भाग घेऊ दिला नाही. ते दिवस सेनेटर मॅकार्थी यांच्या आरोपसत्राचे. त्याच वर्षी लष्कर आणि मॅकार्थी यांच्या झगड्याची जी चौकशी दूरचित्रवाणीवर सगळ्या देशाने पाहिली, तिच्या अध्यक्षस्थानी कार्ल मुंटच होते, हा इतिहासातला विलक्षण योगायोग होय.

मला या आक्षेपात अर्धे सत्य दिसते. जीभ तयार होणे म्हणजे विवेक तयार होणे नव्हे, हे खरे. परंतु दुसऱ्याची बाजू एकदा तरी स्वतःच्या तोंडाने मांडून पाहिलेला माणूस त्या बाजूच्या लोकांना देशद्रोही म्हणताना जरा अडखळतो. आपले पूर्वसूरीही आधी पूर्वपक्ष मांडत आणि मगच त्याचे खंडन करत. पूर्वपक्ष नीट न मांडता केलेले खंडन हे खंडनच नव्हे, असा त्यांचा दंडक होता.

दुसरा आक्षेप असा की, जबाबदारी नसलेल्या सभेचे शौर्य फुकाचे असते. याला १९६३ सालची एक घटना उत्तर देते. अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची संघटना फोरेन्सिक लीगहून वेगळी. तिने १९३५ साली इलिनॉयमध्ये मुलांचे नमुनेदार राज्य सुरू केले, आणि १९४६ पासून सर्व राज्यांतील निवडक मुलांची एक सेनेट वॉशिंग्टन येथे भरू लागली. १९६३ च्या जुलैत काळ्या नागरिकांच्या हक्कांचा प्रश्न देशापुढे धगधगत होता. अध्यक्ष केनेडींचे विधेयक महिनाभरापूर्वीच काँग्रेसपुढे गेले होते. राज्यांच्या गव्हर्नरांची परिषद त्याच महिन्यात मायामी येथे झाली आणि तिने या प्रश्नाला बगल दिली. मुलांच्या सेनेटने मात्र नागरी हक्कांच्या बाजूने ठराव केला. २४ जुलैला केनेडींनी त्या मुलांना व्हाइट हाउसच्या बागेत भेट दिली आणि, काही बाबतींत तुम्ही गव्हर्नरांहून अधिक पुढाकार दाखवलात, अशा आशयाचे उद्गार काढले. त्या मुलांत आर्कान्सा राज्याचा सोळा वर्षांचा बिल क्लिंटन होता. १९९३ साली तो स्वतः त्या घरात अध्यक्ष म्हणून राहायला गेला.

खरा कायदा व्हायला १९६४ चा जुलै उजाडला. दक्षिणेकडील सेनेटरांनी भाषणांवर भाषणे करून कित्येक आठवडे तो अडवून धरला होता. शेवटी १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद करावी लागली. मुलांना जे चारपाच दिवसांत जमले त्याला मोठ्यांना वर्ष लागले. मुलांचे मतदार त्यांना जाब विचारणार नव्हते, म्हणून ते सोपे होते, हे मान्यच. पण मोठ्यांना नेमके कशाचे भय वाटत होते, हे त्या ठरावाने उघडे पडले. शाळकरी विधिमंडळाला सत्ता नसते. लाज वाटायला लावण्याची शक्ती मात्र असते.

शेवटचे उदाहरण विद्यार्थी काँग्रेसचे नाही, तरीही ते याच जातीचे आहे. १९८२ साली टेक्सास विद्यापीठात ग्रेगरी वॉटसन नावाच्या विद्यार्थ्याने एक निबंध लिहिला. काँग्रेसच्या सभासदांनी आपला पगार वाढवला तर ती वाढ मधली निवडणूक होईपर्यंत लागू होऊ नये, अशी एक घटनादुरुस्ती १७८९ साली सुचवली गेली होती आणि पुरेशा राज्यांच्या संमतीअभावी ती पडून राहिली होती. तिला मुदत घातलेली नसल्यामुळे ती अजूनही जिवंत आहे, असे या मुलाचे प्रतिपादन. निबंधाला ‘सी’ श्रेणी मिळाली. वॉटसनने हार मानली नाही. तो एकेका राज्याच्या आमदारांना पत्रे लिहीत सुटला. १९८३ साली मेन राज्याने संमती दिली, पाठोपाठ इतरांनी, आणि मे १९९२ मध्ये, सूचनेनंतर दोनशे दोन वर्षांनी, ती सत्ताविसावी घटनादुरुस्ती झाली. २०१७ साली विद्यापीठाने त्याची श्रेणी बदलून ‘ए’ केली. आणि ती मूळ सूचना १७८९ साली मांडणारा कोण? प्रिन्स्टनच्या वादविवाद मंडळातला जेम्स मॅडिसन.

आपल्याकडेही हा विचार पोचला आहे. १९६२ साली मुंबईत अखिल भारतीय प्रतोद परिषद भरली होती. शिक्षणसंस्थांत नमुना संसदा भरवण्यास सरकारने उत्तेजन द्यावे, अशी शिफारस तिने केली, आणि १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांत युवा संसदेच्या स्पर्धा सुरू झाल्या. पुढे त्यांचा विस्तार झाला. मात्र आपल्या युवा संसदेचे स्वरूप बव्हंशी सुमारे तासाभराच्या प्रयोगाचे राहिले. प्रश्नोत्तरे आधी लिहिलेली, मंत्री आधी ठरलेला, विरोधी पक्षाचा गोंधळसुद्धा तालीम केलेला. शिस्त दिसते, पाठांतर दिसते. परंतु मतदानाचा निकाल काय लागेल याची धाकधूक कोणाच्याच चेहऱ्यावर दिसत नाही. ज्या सभेचा निकाल आधीच ठाऊक असतो तिला नाटक म्हणावे, सभा म्हणू नये.

अमेरिकेचे सगळेच अनुकरणीय आहे असे नाही. तेथील आजच्या राजकारणातील कडवटपणा पाहता, शाळेतले हे धडे तेथील मोठ्यांच्या कितपत लक्षात राहिले आहेत, अशी शंका येते. पण त्या पाच कलमांची शिस्त घेण्यासारखी आहे. ती घ्यायला मोठी संस्था लागत नाही, सरकारी अनुदान लागत नाही. एका वर्गात, एका दुपारी, नळाला पाणी का येत नाही एवढ्या विषयावरसुद्धा ती वापरता येईल. काय करायचे, शब्दांचा अर्थ काय, करणार कोण आणि पैसा कुठला, केव्हापासून, आणि त्यासाठी कोणता जुना नियम मोडायचा, एवढे मुलांनी स्वतः लिहावे आणि शिक्षकांनी निकालात हात घालू नये. एखाद्या वेळी चांगले विधेयक पडेल आणि वाईट मंजूर होईल. पडू द्यावे. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा मांडता येते, ही गोष्ट मुलांना लहानपणीच कळली तर लोकशाहीवरचा त्यांचा विश्वास पराभवाने ढळणार नाही.